छाटणीची कात्री आपल्या घरची असावी



बागेच्या खर्चाचा हिशेब तुम्ही पै न् पैचा ठेवता. खत, औषध, ठिबक, मजुरी, सारे त्यात असते. पण छाटणीची कात्री कोणाची, असे विचारले की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "टोळीवाले घेऊन येतात की, साहेब!" सोलापूर जिल्ह्यात कृषी खात्याच्या नोकरीत माझी तीस वर्षे होत आली. हे उत्तर ऐकले की आजही मला त्या बागेची काळजी वाटते.

डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूंमुळे होणारा रोग आहे. पानावरचे तेलकट डाग आणि फळाची तडकलेली साल तुम्हांला मी वर्णन करून सांगायला नको. हा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांतून पसरतो, रोगट रोपांबरोबर येतो, तसाच कात्रीच्या पात्यावर बसूनही येतो. टोळी काल रोगट बागेत होती, आज तुमच्या बागेत आली. ताज्या जखमा करणारे हत्यारच रोगाने माखलेले असले, तर रोगाला वेगळे आवतण कशाला हवे? केगावला 2005 साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झाले, 2016 साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. आपले नाव मोठे झाले खरे, पण तेल्यापायी बाग मुळासकट काढणारी घरेही आपल्याच जिल्ह्यात आहेत.

तेव्हा कात्र्या स्वतःच्या घ्या. टोळीत जितकी माणसे, त्याच्या दुप्पट घ्या. का ते पुढे सांगतो. दुकानात दोन प्रकार दिसतील. एकात दोन पाती एकमेकींना घासून जातात, दुसऱ्यात एक पाते सपाट ठोकळ्यावर पडते. ओल्या फांदीला पहिला प्रकार घ्यावा. ठोकळ्याची कात्री साल चेंगरते आणि चेंगरलेली जखम लवकर भरत नाही. कात्री हातात धरून चार वेळा उघडझाप करून पाहा. स्प्रिंग सैल नको, खटका घट्ट बसला पाहिजे. अंगठ्याएवढ्या जाडीपर्यंतच कात्री चालवावी. त्यापुढे लांब दांड्याची कात्री, आणि मनगटाएवढ्या फांदीला छाटणीची वाकडी करवत. कोयत्याने फांदी तोडणे मला बिलकूल पसंत नाही. घाव चुकला तर झाड फाटते, नाहीतर पाय.

आता दुप्पट कात्र्यांचे. सोडियम हायपोक्लोराइटचे 1 टक्का द्रावण बादलीत करावे. डब्यावर 4 टक्के लिहिले असेल तर एक भाग औषधाला तीन भाग पाणी. ते रोज ताजे करावे, कारण उन्हात त्याचा जोर जातो. दुसरे कोणतेही औषध किंवा आम्ल त्यात मिसळू नये, विषारी वायू निघतो. एक कात्री बादलीत, एक हातात, आणि झाड बदलले की कात्री बदलायची. यात वेळ जातो अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. सांगोला तालुक्यातील एका घरी म्हाताऱ्या आजी स्वतः बादली घेऊन ओळीने फिरत होत्या. टोळीतली पोरे हसू लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "हसा बाबांनो, पण बुडवा!" दिवसभरात एक झाड त्यांनी तसे जाऊ दिले नाही. मजुराला नुसते सांगून हे काम होत नाही, घरचे माणूस बादलीपाशी लागतेच.

निरोगी झाडे आधी घ्यावीत, रोगट शेवटी. रोगट फांदी डागाच्या खाली दोन इंच निरोगी भागात कापावी आणि गोळा करून बागेबाहेर जाळावी. जाड फांदीला आधी खालून थोडी करवत लावावी, मग वरून कापावे, म्हणजे साल सोलत खाली येत नाही. मोठ्या जखमांना 10 टक्के बोर्डो पेस्ट लावावी: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, आणि भांडे प्लॅस्टिकचे. छाटणी उरकताच 1 टक्का बोर्डोची फवारणी घ्यावी.

माणसांकडेही बघा. डाळिंबाचा काटा डोळ्यात गेला तर कायमचे नुकसान होते. साधा पारदर्शक चष्मा फारसा महाग नसतो, पण तो घातलेला मजूर मला क्वचितच दिसतो. कात्री लागते ती बहुधा फांदी धरणाऱ्या डाव्या हाताला, म्हणून त्या हातात जाड मोजा हवा. खटका लावल्याशिवाय कात्री खिशात घालू नये. घराजवळचे झाड विजेच्या तारेला लागत असेल तर स्वतः चढू नका, महावितरणच्या कार्यालयात कळवून प्रवाह बंद करून घ्या.

त्या द्रावणाने लोखंड गंजते. संध्याकाळी कात्र्या साध्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. सकाळी टोळी आली की मोजून द्या, जाताना मोजून घ्या.