निफाडची थंडी आणि आत्याची खोली

पौषातल्या एका पहाटे मी नाशिकहून निफाडच्या एस.टी.त बसले. अंतर सुमारे ४० किलोमीटरच. पण त्या पहाटे ते फार लांबले. खिडकीच्या काचा बंद असूनही बोटे बधिर झाली होती. उजाडण्यापूर्वीच्या अंधुक प्रकाशात रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांतून धूर निघताना दिसत होता. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात, ठिबकने विहिरीचे कोमट पाणी सोडतात. घरातल्या वृद्धांना जपावे तशी इथे बाग जपली जाते.

राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचे नाव वारंवार येते. काही वर्षी इथला पारा ५ अंशांच्याही खाली उतरतो. उत्तरेकडून येणारे कोरडे वारे आणि निरभ्र आकाश ही त्यामागची मुख्य कारणे. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून देते आणि सूर्योदयाच्या सुमारास गारठा सर्वाधिक असतो. जवळच्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळात याच दिवसांत दूरदूरचे पक्षी उतरतात. त्यांच्यासाठी ही हवा सुखाची. माझ्या ८४ वर्षांच्या आत्याला मात्र ती सोसत नाही.

आत्याचा वाडा जुना आहे. दोन हात रुंद मातीच्या भिंती, वर माळवद, खाली शहाबादी फरशी. आत्याची खोली ओसरीला लागून. तिचे दार उत्तरेला चौकात उघडते. या खोलीत ती पासष्ट वर्षांपूर्वी नवी नवरी म्हणून आली, आणि इथून हलायचे नाही हा तिचा निश्चय आहे.

दोन हिवाळ्यांपूर्वी हा निश्चय तिच्या जिवावर बेतला होता. थंडी असह्य झाली म्हणून रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवली आणि वारा येऊ नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून घेतल्या. पहाटे वहिनी चहा घेऊन गेल्या, तेव्हा आत्या हाकेला ओ देईना. तिला तातडीने बाहेर मोकळ्या हवेत आणले आणि रुग्णालयात नेले. प्राणवायू दिल्यावर ती शुद्धीवर आली. “डोकं जरा जड झालं होतं, वाटलं झोप आली,” एवढेच तिला आठवत होते.

धोका नेमका इथेच असतो. कोळसा अपुऱ्या हवेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराची आतून घुसमट होते. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. पण झोपलेल्या माणसाला ती जाणवतच नाहीत. बागेतली शेकोटी चालते, कारण तिच्यावर आकाश उघडे आहे. बंद खोलीत शेगडी, घमेल्यातले निखारे वा गॅसची शेगडी ऊब घेण्यासाठी पेटवू नये. खिडकी फटभर उघडी ठेवली म्हणूनही त्या भरवशावर झोपू नये.

त्या प्रसंगानंतर माझ्या आतेभावाने दोन पर्याय पुढे केले: आत्याने हिवाळ्यापुरते पुण्याच्या सदनिकेत राहावे, नाहीतर खोलीत मोठा हीटर बसवावा. पहिला आत्याने नाकारला, दुसरा वायरमनने. २००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट वीज घेतो; रात्री आठ तास अखंड चालवला तर महिन्याला ४८० युनिट. शिवाय वाड्यातल्या जुन्या तारांना तो भार पेलला नसता. हीटर वापरायचाच तर १६ अँपिअरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र प्लग हवा. लांबवलेल्या बोर्डावर तो कधीही लावू नये आणि पांघरूण-पडद्यांपासून निदान तीन फूट दूर ठेवावा.

मग वहिनींनी तिसरा मार्ग काढला. त्या म्हणाल्या, “अख्खी खोली तापवायची कशाला? वारा अडवू, ऊन आत घेऊ आणि आईंचं अंथरूण तेवढं ऊबदार ठेवू.”

मी गेले तेव्हा त्यांची ही व्यवस्था दुसऱ्या हिवाळ्यात होती. दाराखालच्या फटीशी जुन्या लुगड्याची, वाळू भरलेली लांब गुंडाळी. दारावर दुपदरी जाड पडदा. दक्षिणेची खिडकी कित्येक वर्षे लाकडी कपाटामागे झाकली गेली होती. ते कपाट हलवून उत्तरेच्या भिंतीला लावले. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन तिरपे होऊन खोलीत खोलवर शिरते. सकाळी नऊ ते चार खिडकी उघडी, ऊन उतरताच बंद. दिवसा तापलेली मातीची भिंत रात्री हळूहळू ऊब परत देते. माळवदाची माती पडू नये म्हणून पूर्वी वाड्यांतून कापडी छत बांधत. वहिनींनी तेच पुन्हा बांधले, म्हणजे गरम हवा उंच तुळयांपर्यंत जाऊन वाया जात नाही. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढला. फरशीवर सतरंजी, पण चारही कडा पक्क्या बसवलेल्या, कारण वृद्धांचा पाय अडखळायला सैल कड पुरते.

अंथरुणाचाही त्यांनी असाच विचार केला होता. गादीखाली घोंगडी, कारण थंडी खालूनही लागते. वर एका जड रजईऐवजी दोन हलक्या गोधड्या. दोन थरांमधली हवा ऊब धरून ठेवते. डोक्याला कानटोपी, पायांत लोकरी मोजे, आणि उठताना घसरू नये म्हणून खडबडीत तळाच्या चपला पलंगाशीच. झोपण्यापूर्वी तासभर विजेची गरम होणारी चादर लावतात आणि आत्या आडवी होण्याआधी ती बंद करतात. अशी चादर साधारण १०० वॉटची असते. रोज एक तास म्हणजे महिन्याला ३ युनिट. वीज नसेल त्या दिवशी रबरी पिशवी. तिच्यात उकळते पाणी भरत नाहीत, दोन तृतीयांशच भरतात आणि टॉवेलात गुंडाळून ठेवतात. आत्याला मधुमेह आहे; पायांची संवेदना कमी झाल्याने भाजले तरी कळत नाही. म्हणून ती निजली की पिशवी काढून घेतात. चादर सोडता सगळा खर्च हजार रुपयांच्या आत झाला.

भिंतीवर एक साधा तापमापक टांगला आहे. मी राहिले त्या पहाटे चौकात ७ अंश होते, आत्याच्या खोलीत १७. जागतिक आरोग्य संघटना थंड हवेच्या प्रदेशांत घरात किमान १८ अंश असावेत असे सांगते. आम्ही अगदी जवळ होतो. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. म्हणून हा आकडा महत्त्वाचा. वहिनी रोज पहाटे आत्याच्या पोटावर, कपड्यांच्या आत, हात ठेवून पाहतात. पोट गार लागणे, बोलणे अडखळणे, गोंधळल्यासारखे वागणे, कापरे भरलेले अचानक थांबून गुंगी येणे, ही शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी हातपाय जोराने चोळू नयेत, मद्य देऊ नये. कोरड्या पांघरुणात गुंडाळून लगेच रुग्णालयात न्यावे.

निघताना आत्या खिडकीशी उन्हात पाठ देऊन बसली होती. शेगडी आता चौकात असते. सकाळी तिच्याभोवती सगळे बसतात, आत्याही. “पुढच्या पौषात ये गं,” ती म्हणाली, “मी इथेच असेन.” मागच्या दोन वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकून मला काळजी वाटली असती. या वेळी वाटली नाही.