उतारावरची मोटर

मोटरचा कंट्रोलर घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो, ‘किती अँपिअरचा?’ रोबोकॉन या रोबोट स्पर्धेची तयारी करणारी कॉलेजची पोरं असोत, चाकणला कारखान्यात सामान वाहणाऱ्या गाड्या बनवणारा तरुण असो, की पवनानगरकडचा गुलाबाचा बागायतदार. मला मात्र त्यांनी थांबण्याबद्दल विचारलेलं हवं असतं. ब्रशलेस मोटर फिरवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. तिला उतारावर धरून ठेवणं अवघड आहे, आणि मी बनवतो त्या कंट्रोलर बोर्डात निम्मं काम त्याचंच आहे.

फिरवण्याचं थोडक्यात सांगतो. या मोटरीत चुंबक फिरतात आणि तांब्याची वेटोळी जागच्या जागी असतात. तीन वायरींपैकी कुठल्या वायरीत कोणत्या क्षणी किती करंट सोडायचा, हे कंट्रोलर ठरवतो. त्यासाठी सहा मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला वीस हजार वेळा उघडझाप करत असतात. यामागचं गणित वीजकेंद्रांतल्या अवाढव्य जनित्रांसाठी मांडलं गेलं. रॉबर्ट पार्क यांचा निबंध 1929 सालचा, एडिथ क्लार्क यांचं पुस्तक 1943 सालचं. तीन वायरींतले सतत वरखाली होणारे करंट फिरत्या रोटरवर बसून पाहिले, तर त्यांचे दोन स्थिर आकडे होतात: एक ओढीचा, दुसरा चुंबकत्वाचा. हे मला अजूनही विलक्षण सुंदर वाटतं. आज बेंजामिन वेडर या स्वीडिश अभियंत्याने खुलं केलेलं व्हेस्क या कंट्रोलरचं डिझाइन कुणीही वाचू शकतं. पुण्यात 2008 साली आशिया-प्रशांत रोबोकॉन भरली. तेव्हा असं आयतं काही हाताशी नव्हतं.

माझी कार्यशाळा मावळ तालुक्यातल्या तिकोणा पेठेत, गडाच्या पायथ्याशी आहे. सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून किंवा कुरियरने येतात, ते गैरसोयीचंच आहे. पण दाराबाहेर पडलं की उतार आहे, आणि तो भोसरीच्या गाळ्यात मिळाला नसता. साठ किलोची चाचणीची गाडी मी त्यावरून खाली सोडतो, बोर्डाला स्कोप जोडलेला असतो. चढताना बॅटरी मोटरीला वीज देते. उतरताना गाडीच मोटरीला फिरवते, मोटर जनित्र होते आणि वीज उलटी बोर्डाकडे येते.

या तालुक्याला हे नवीन नाही. बोरघाटात रेल्वेला सदतीस फुटांमागे एक फूट चढ आहे. पुण्यापर्यंत विजेची रेल्वे आली तेव्हा घाटातल्या मालगाड्यांसाठी डब्ल्यूसीजी-1 इंजिनं आणली होती. रेल्वेची माणसं त्यांना खेकडा म्हणत. घाट उतरताना ती वीज वरच्या तारेत परत सोडत, आणि तेव्हा चढावर असलेल्या दुसऱ्या गाडीला ती कामी येई. पंधराशे व्होल्टच्या त्या तारेला घेणारा कुणीतरी असे.

माझ्या गाडीत घेणारी बॅटरी एकटी. ती पूर्ण भरलेली असेल, तर तिची राखण करणारं बीएमएस चार्जिंगचं दार लावून घेतं. आता हिशेब बघा. साठ किलोची गाडी एक मीटर खाली उतरली की सुमारे 588 ज्यूल ऊर्जा मोकळी होते. घर्षणात थोडी जाते, तरी बरीच उरते. बोर्डावरचा एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पन्नास व्होल्टचा साठ होईपर्यंत जेमतेम अर्धा ज्यूल सामावतो. स्कोपवरची रेघ तेव्हा सारखी वर चढत जाते, आणि पुढे मॉसफेट फुटतात. मोटरीवरचा ताबा सुटतो आणि गाडी मोकळी धावत सुटू शकते.

म्हणून बोर्डावर सातवा मॉसफेट आहे. भरलेली बॅटरी 50.4 व्होल्ट दाखवते. व्होल्टेज 52 च्या वर गेलं की हा मॉसफेट जास्तीची वीज ब्रेक रेझिस्टरमध्ये सोडतो आणि तिची उष्णता होते. गाडी दर सेकंदाला पंधरा सेंटिमीटर खाली येत असेल तर जवळजवळ नव्वद वॅट. तो रेझिस्टर मी ग्राहकाला वेगळा देतो आणि गाडीच्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर आवळायला सांगतो. पैसे वाचवायला तो वगळा असं कुणी म्हटलं, तर मी बोर्ड विकत नाही.

मावळात पॉलिहाऊसमधल्या गुलाबाची लागवड मोठी आहे. फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइनच्या आधी तोडणीची घाई असते, आणि फुलं पॅकिंगच्या शेडपर्यंत न चुरगळता पोचावी लागतात. एका बागायतदाराने मात्र ट्रॉलीसाठी बोर्ड मागितला तेव्हा अँपिअरचा विषयच काढला नाही. म्हणाले, “दादा, चढली नाय तर माणूस ढकलंल. पण उतरताना सुटली, तर फुलंबी जातील आन् माणूसबी.” एवढी नेमकी मागणी मला कुठल्याही इंजिनिअरने लिहून दिलेली नाही.

त्यांच्यामुळे गंधकाकडेही लक्ष गेलं. भुरी रोगासाठी पॉलिहाऊसमध्ये गंधक वापरतात. चिप रेझिस्टरच्या टोकांना आत चांदीचा थर असतो, तो गंधक खातं आणि रेझिस्टरमधला जोड तुटतो. करंट मोजणाऱ्या सर्किटात असं झालं तर बोर्ड आंधळा होतो. त्यामुळे आता सगळे रेझिस्टर गंधकरोधक घेतो आणि बोर्डावर लेप देतो. मावळातल्या पावसाळी दमटपणासाठी तो लागतोच.

आता लेबलबद्दल. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. एक मिलिओहमच्या मॉसफेटमध्ये 40 अँपिअरला 1.6 वॅट, 80 ला 6.4, शिवाय तापला की त्याचा रोध वाढतो, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून जास्त. हेच मॉसफेट वापरून बाजारात शंभर अँपिअर छापलेले बोर्ड मिळतात. काही सेकंद ते खरंही असतं. माझ्या लेबलवर ‘सतत 40 अँपिअर, 40 अंश हवेत, बंद पेटीत, पंख्याशिवाय’ असं असतं. पंखा फवारणीचं पाणी आत ओढतो, म्हणून तो नाही. या लेबलमुळे गिऱ्हाइकं जातात, विशेषतः स्पर्धेची तारीख जवळ आलेली पोरं. त्यांची घाई मला समजते, पण आकडा बदलत नाही. ट्रॉलीपुढे चालणाऱ्या बाईने तो आकडा वाचलेला नसतो, तिचा भरवसा त्यावर असतो.

ऑर्डरच्या कागदावर मी चार रकाने ठेवले आहेत: गाडीचं भरलेलं वजन, चाकाचा व्यास, उताराची लांबी आणि उंची, आणि उतरायला लागताना बॅटरी किती भरलेली असेल. पहिले तीन बहुतेक जण भरतात. चौथा कोरा आला की मी बोर्ड पाठवत नाही, आधी फोन करतो.