तिसऱ्या पिढीची भाकर

मुलांनो, आज मी तुम्हांला कालव्याकाठच्या एका गावी घेऊन जातो.

जर्मनीच्या वायव्य टोकाला, नेदरलँड्सच्या सीमेजवळ, ओस्टफ्रीसलांट नावाचा सपाट प्रदेश आहे. वेस्टग्रोसेफेन हे तेथलेच एक छोटे गाव. गावातून सरळ कालवा वाहतो. काठांवर लाल विटांची घरे ओळीने उभी आहेत. कालव्यावर पांढरे पूल आहेत. होडी आली की ते वर उचलता येतात. या परिसरात पाच पवनचक्क्याही आहेत. हे सारे पाहून मला वाटले, किती सुखी गाव आहे हे!

माझा हा समज एका आजीबाईंनी दूर केला. त्यांनी मला घरी चहाला बोलावले. पेल्यात खडीसाखर घालून त्यांनी वरून गरम चहा ओतला. साखर तडतडली. मग त्यांनी अलगद साय सोडली. "ढवळायचे नाही आणि तीन पेले तरी घ्यायचेच!" त्या हसून म्हणाल्या. त्या चहात आपल्या आसामची पाने होती, हे कळल्यावर मला फार आनंद झाला.

दुसऱ्या पेल्याच्या वेळी मी विचारले, "हा कालवा कोणी खणला?"

आजीबाई सांगू लागल्या. पूर्वी येथे दूरवर दलदल होती. दलदलीत वनस्पतींचे अवशेष साचून 'पीट' नावाचा थर तयार होतो. तो कापून वाळवला की लाकडासारखा जळतो. एम्डेन शहराला जळण हवे होते. म्हणून 1633 मध्ये तेथील चार व्यापाऱ्यांनी ही वसाहत सुरू केली. कामाच्या शोधात गरीब माणसे आली. त्यांनी फावड्यांनी कालवा खणला. त्यामुळे दलदलीतील पाण्याचा निचरा झाला. त्याच कालव्यातून पीटने भरलेल्या होड्या शहराकडे जाऊ लागल्या. परतताना त्या खत आणत. ते घालून लोकांनी नापीक जमीन पिकवली.

"पण हे लगेच झाले नाही," आजीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे एक म्हण आहे. पहिल्याला मरण, दुसऱ्याला हाल आणि तिसऱ्याला भाकर."

माझा पेला हातातच राहिला. ज्यांनी पहिले फावडे मारले, त्यांना पिकलेले शेत दिसलेच नाही!

आज आपल्याला आणखी एक गोष्ट कळली आहे. पीटचा थर वर्षाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो. तो कोरडा पडला की त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पृथ्वीची उष्णता वाढते. म्हणून जर्मनीत आता काही दलदली पुन्हा ओल्या करत आहेत. त्या उपाशी माणसांना हे कोठून ठाऊक असणार?

संध्याकाळी मी पुन्हा पुलावर उभा राहिलो. कालवा तोच होता. पण आता मला त्यात खणणारे हात दिसत होते.

मुलांनो, तुमच्या ताटातील भाकरीसाठीही कोणीतरी आधी कष्ट केले आहेत. आज जेवताना घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्याविषयी विचारा. आणि मग स्वतःलाही विचारा, आपण कितव्या पिढीतले?