पायडल थांबवल्यावर

मागच्या हबचा आवाज घेऊन दुकानात येणारा माणूस आधी तोंडाने तो आवाज काढून दाखवतो. कुणी किर्रर्र करतो, कुणी दातांवर दात आपटून कट्-कट्. एखादा हौशी तर चाकाच्या गतीसकट चढती-उतरती तानच घेतो. मी ऐकून घेतो, पण त्याचा मला फारसा उपयोग नसतो. कोरड्या छर्‍यांची खरखर, ढिल्या कॅसेटची कुरकुर आणि घासणार्‍या डिस्कची चुंईचुंई या तिन्ही गोष्टी माणसाच्या तोंडातून साधारण सारख्याच बाहेर पडतात. मला हवं असतं आवाजाचं वेळापत्रक. पायडल मारताना येतो की पाय थांबवल्यावर? चढावर की उतारावर? उभं राहून जोर लावला की बसल्या बसल्याही? धुतल्यापासून सुरू झाला की दगडावरून उडी घेतल्यापासून?

‘काका, तसा सारखाच येतो,’ असं उत्तर मिळतं. सारखा कधीच येत नसतो. मग मी त्यालाच दुकानासमोरच्या उतारावर पिटाळतो. जाताना पायडल मार, मग मध्येच पाय थांबव, पुन्हा मार, आणि काय बदललं तेवढंच येऊन सांग. परत येणार्‍यांपैकी बरेच जण ‘अरे, हे कधी लक्षातच आलं नव्हतं’ अशा चेहर्‍याने येतात.

एक खबरदारी आधीच घ्यावी लागते. हबचा म्हणून आलेला आवाज पुष्कळदा हबचा नसतोच. ॲल्युमिनियमच्या जाड पोकळ नळ्या आवाज इकडून तिकडे सहज नेतात, त्यामुळे बॉटम ब्रॅकेटमधली कुरकुर मागच्या चाकातून आल्यासारखी वाटते आणि मागच्या ॲक्सलची कुरकुर सीटखालून. इथे मोजणी कामाला येते. पायडलच्या फेरीगणिक एकदा येणारा आवाज पुढच्या क्रँककडचा. चाकाच्या फेरीगणिक एकदा येणारा डिस्कचा, टायरचा, नाहीतर व्हॉल्व्हच्या सैल नटाचा. पुढे बत्तीस आणि मागे सोळा दात असतील तर एका पायडलफेरीत चाक दोनदा फिरतं, तेव्हा गोंधळ व्हायचं कारण नाही. छर्‍यांचा आवाज मात्र या दोन्ही हिशोबांत बसत नाही. चाक एक पूर्ण फेरी मारतं तेव्हा आतलं छर्‍यांचं कडं निम्म्याहून थोडंच जास्त फिरलेलं असतं. ठेका धरता येत नाही, चाकाशी जुळतोय म्हणता म्हणता निसटतो, असा आवाज ऐकला की माझा हात हबकडे जातो.

बाकीचं भराभर तपासून घ्यायचं. कॅसेटमागची प्लास्टिकची तबकडी तडकलेली असते. क्विक रिलीजचा दांडा कोरडा पडलेला असतो. तारा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बारीक माती बसलेली असते. स्टँडवर गप्प आणि रस्त्यावर जोर लावताच बोलणारं चाक असेल तर मी कॅसेटची लॉकरिंग बघतो. तिच्यावर चाळीस न्यूटन-मीटरचा आकडा चक्क कोरलेला असतो, तरी ती अंदाजाने आवळणारे कमी नाहीत. ॲल्युमिनियमच्या फ्रीहब बॉडीवर पोलादी चकत्या बसवलेल्या असतील तर प्रत्येक चढाला त्या खाचांमध्ये थोड्या थोड्या रुतत जातात. कॅसेट काढताना हातोडीची टकटक लागली की समजायचं, कुरकुर इथलीच होती.

हे सगळं वजा जाऊन जो आवाज उरतो तो खरा हबचा, आणि तिथे पाय थांबवल्यावर काय होतं हा प्रश्न फार मोलाचा ठरतो. पण त्याचं उत्तर हब कोणत्या जातीचं आहे यावर पार उलटं होतं, आणि चांगले चांगले कारागीर इथे फसतात.

कप-कोनच्या शिमानो हबमध्ये सुटे छर्रे असतात, प्रत्येक बाजूला पाव इंची नऊ. फ्रीहब बॉडी हबच्या शेलला पोकळ बोल्टने आवळलेली असते. तिचा आतला भाग कायम शेलबरोबर फिरतो, बाहेरच्या भागावर कॅसेट बसते आणि दोघांमध्ये अगदी बारीक छर्‍यांच्या दोन ओळी असतात. पायडल मारताना आतले खटके दात्यांत अडकतात आणि दोन्ही भाग एकजीव होऊन फिरतात. म्हणजे मधल्या बारीक छर्‍यांना तेव्हा काहीच काम नसतं. पाय थांबले, कॅसेट थांबली, की शेल पुढे पळत राहतं आणि ते छर्रे फिरायला लागतात.

कार्ट्रिज बेअरिंगच्या हबमध्ये, म्हणजे डीटी स्विस किंवा होपसारख्यांच्या, फ्रीहब बॉडीला स्वतःची बेअरिंग असतात आणि ती थेट ॲक्सलवर बसते. ॲक्सल फ्रेमला आवळलेला, म्हणजे स्थिर. पायडल मारताना बॉडी त्याच्याभोवती फिरते आणि तिची बेअरिंग चालतात. पाय थांबवले की कॅसेटबरोबर बॉडी थांबते आणि तिची बेअरिंगही गप्प होतात.

म्हणजे ‘पाय थांबवले की खरखर बंद होते’ ही तक्रार कार्ट्रिजच्या हबबद्दल असेल तर संशय फ्रीहब बॉडीच्या बेअरिंगवर. तीच तक्रार कप-कोनच्या हबबद्दल असेल तर फ्रीहब बॉडीतले छर्रे जवळजवळ निर्दोष सुटतात, आणि आपण पुन्हा चेन, कॅसेट, बॉटम ब्रॅकेट यांच्याकडे वळतो. शेलची मुख्य बेअरिंग दोन्ही जातींत चाक फिरतंय तोवर फिरतच असतात. त्यामुळे पायडल मारा अथवा थांबवा, जो आवाज चालूच राहतो तो त्यांचा.

अडचण एकच. सायकल फ्री सोडली की खटक्यांची टिकटिक सुरू होते आणि बाकी सगळं त्याखाली झाकलं जातं. त्यावर तोड म्हणून मी सायकल स्टँडवर चढवून चेन काढून ठेवतो आणि चाक हाताने पुढे फिरवतो. चेन नसल्यामुळे कॅसेट चाकाबरोबर आपोआप ओढली जाते आणि टिकटिक होत नाही. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ॲक्सलच्या टोकापाशी टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. चांगलं बेअरिंग मऊ सुसाट वाजतं, खराब झालेल्यात वाळू ऐकू येते. त्यानंतर कॅसेट दोन बोटांत धरून थांबवायची आणि पुन्हा ऐकायचं. दुकानात गाड्यांचा गोंगाट असेल तर स्क्रू-ड्रायव्हर सोडून बोटं मागच्या नळीवर ठेवतो. कानापेक्षा बोटांना पुण्याच्या वाहतुकीचा त्रास कमी.

चाक बाहेर काढल्यावर बोटांचंच राज्य. ॲक्सल चिमटीत धरून अगदी सावकाश फिरवायचा. कोनवर खड्डे पडलेले असतील तर तो मध्ये मध्ये अडकत, टप्प्याटप्प्याने सरकतो. जोरात फिरवला तर हे कळत नाही. घाईच्या हाताला प्रत्येक हब चांगलं वाटतं. उघडल्यावर ग्रीसचा रंग बघायचा. पाणी शिरलेलं ग्रीस दुधाळ, फिक्या कॉफीसारखं दिसतं. पावसाळ्यात वेताळ टेकडीवरून आलेल्या सायकलीत त्यात मुरमाची तांबूस छटा असते. पण माझ्या मते हब मारण्यात पावसाचा हात फार थोडा. मारतात ते मोटारसायकलच्या वॉशिंग सेंटरवरचे पाण्याचे फवारे. रबराचं सील शिंतोडे अडवायला केलेलं असतं. त्यावर सरळ बाजूने दाबाचं पाणी मारलं की ते आत जातं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. सायकल लखलखते आणि पुढच्याच महिन्यात करकरायला लागते. चिखल वाळू द्यावा, ब्रशने झाडावा, ओल्या फडक्याने पुसावा. हे मी सांगतो आणि पोरं मान डोलावून थेट वॉशिंग सेंटरला जातात.

कोन बदलता येतो, छर्रे तर बदलायचेच असतात. पण शेलमध्ये दाबून बसवलेल्या वाटीवर खड्डा पडला की बहुतेक हबांचा तिथे निकाल लागतो. म्हणून खरखर सुरू झाल्यावर महिनाभर ‘बघू’ म्हणणं महाग पडतं. जोडताना पंधराचा पातळ पाना कोनला, सतराचा लॉकनटला, आणि क्विक रिलीजचा ॲक्सल असेल तर मुद्दाम किंचित प्ले ठेवायचा. क्विक रिलीज आवळला की ॲक्सल केसभर दबतो आणि प्ले मरतो. हातात घेऊन बिनप्लेचं, रेशमासारखं जमवलेलं हब सायकलवर चढवलं की घट्ट होतं आणि छर्रे खायला सुरुवात करतं. स्वस्तातल्या सात गिअरवाल्या सायकलींची अडचण वेगळी, त्यांना अजून आटे असलेला फ्रीव्हील येतो. त्यात उजवीकडचे छर्रे बरेच आत राहतात आणि ॲक्सलचा लांब तुकडा आधाराविना. दोन-चार उड्यांत तो वाकतो, आणि वाकलेल्या ॲक्सलवर कोन कितीही जमवा, एका जागी घट्ट तर दुसर्‍या जागी सैलच लागणार. शिमानोने १९७८ साली ड्युरा-एसमध्ये फ्रीहब आणला तेव्हा हे बेअरिंग बाहेरच्या टोकाकडे सरकलं, आणि ॲक्सल वाकण्याची तक्रार बरीचशी मिटली.

कार्ट्रिजचं काम त्या मानाने रुक्ष. बेअरिंगवर नंबर असतो. ६९०२ म्हणजे आतून पंधरा, बाहेरून अठ्ठावीस, जाडी सात मिलिमीटर. तसंच आणायचं आणि बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा. आतल्या कड्यावर ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग डबीतून काढल्या काढल्या म्हातारं होतं.

आता त्या टिकटिकीबद्दल. ती आजार नाही, हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ जातो. डीटी स्विसच्या स्टार रॅचेटमध्ये दात्यांच्या दोन चकत्या समोरासमोर असतात आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते. अठरा दात्यांची चकती असेल तर पायडल पकडायच्या आधी वीस अंशांपर्यंत रिकामं फिरू शकतं, छत्तीसची असेल तर दहा. दगडाधोंड्यांच्या चढावर अर्धं पायडल मारत वाट काढणार्‍याला हा फरक पायात कळतो. दाते वाढले की आवाजाची पट्टीही चढते. २९ इंची चाक ताशी वीस किलोमीटरला सेकंदाला अडीचेक फेर्‍या मारतं. छत्तीस दात्यांवर ते नव्वदीच्या घरातले ठोके, म्हणजे टिकटिक संपून गुणगुण सुरू. कुणाला ती मोठी हवी असते. टेकडीवर सकाळी फिरायला आलेल्या आजोबांना घंटी न वाजवता बाजूला करण्याची ती सोय आहे, आणि मला तीत गैर वाटत नाही. कुणाला अजिबात नको असते. त्यांच्यासाठी ओनिक्ससारखी स्प्रॅग क्लचची हबं आहेत, खरोखर निःशब्द. शिमानोनेही २०१८ मध्ये एक्सटीआरबरोबर बिनआवाजाचं हब जाहीर केलं होतं, ते पुढे मागे घेतलं.

मधला मार्ग म्हणून काही जण खटक्यांत जाड ग्रीस कोंबतात. हब गोड गप्प होतं. पण त्या स्प्रिंगा जेमतेम केसाएवढ्या जाड. घट्ट ग्रीसमध्ये खटका वेळेवर उठत नाही, नाहीतर अर्धाच उठतो आणि दात्याच्या टोकावर टेकतो. बेअरिंगला जाड वंगण, खटक्यांना पातळ, यात मी तडजोड करत नाही. म्हणूनच ‘काका, पूर्वी फार वाजायचं, आता आपोआप बंद झालं’ म्हणत खुशीत आलेल्या माणसाची सायकल मी हातातलं काम ठेवून आधी बघतो. कॅसेट उलटी, एकेक दाता मोजल्यासारखी फिरवायची. ठोके सारखे पडले तर ठीक. एक भरीव, एक पोकळ, मग काहीच नाही, असं झालं तर खटका चिकटलाय किंवा स्प्रिंग तुटली आहे, आणि उरलेल्या खटक्यांवर सगळा भार आहे. उभं राहून चढ मारताना ते सुटले तर पाय रिकामा खाली जातो आणि छाती हँडलवर आपटते. अशी सायकल दुरुस्तीला ठेवायची नसेल तर हातात धरून चालत घरी न्यायला सांगतो. कुणी ‘दोन चौक तर जायचंय’ म्हणालं, तर चेन काढून खिशात देतो.