मत्तयाच्या घरची पंगत

जोडे शिवणाऱ्यांचं गाव म्हणून इंग्लंडात नॉर्थॅम्प्टनची ओळख. या गावातल्या केटरिंग रोडवर, उंच निमुळता मनोरा आभाळात रोवून, सेंट मॅथ्यूज हे पॅरिश चर्च उभं आहे. त्याचा जन्म १८९३ चा, म्हणजे इंग्लंडच्या हिशेबाने कालचं पोर. त्याच गावात बाराव्या शतकाच्या सुरुवातीचं होली सेपल्कर नावाचं गोल चर्च आहे, आणि आसपासच्या खेड्यांत शतकानुशतकांच्या घंटा अजून वाजतात. सेंट मॅथ्यूजपाशी असा जुनेपणाचा मान नव्हता, राजे-सरदारांच्या समाध्याही नव्हत्या. तरी एखाद्या माणसाविषयी लिहावं तसं या चर्चविषयी लिहावं, असं मला फार दिवस वाटत आलं आहे, कारण त्याला स्वभाव आहे.

ते बांधलं गेलं बिअरच्या पैशावर. पिकरिंग फिप्स हे गावातले बडे मद्य-उत्पादक, महापौर आणि खासदारही. १८९० मध्ये ते वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ हे चर्च उभं राहिलं. भोवतालच्या वस्तीला आजही फिप्सव्हिल म्हणतात. पहिले व्हिकर, म्हणजे मुख्य पाद्री, जॉन रोडन हसी १८९३ मध्ये आले आणि १९३७ पर्यंत, चव्वेचाळीस वर्षं, तिथेच राहिले. त्यांच्या जागी त्यांचाच मुलगा वॉल्टर आला. एका चर्चच्या पहिल्या बासष्ट वर्षांत फक्त दोन व्हिकर, तेही बापलेक! घराला घरपण यायला एवढं सातत्य पुरतं.

पण त्याचा स्वभाव घडला तो मला वाटतं नावातून. संत मत्तय हा मुळात जकातदार. रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून कर वसूल करणारा, म्हणून आपल्याच लोकांनी दूर ठेवलेला. तो जकातनाक्यावर बसलेला असताना येशूने त्याला हाक मारली आणि तो हातातलं काम टाकून उठला. त्यानंतरची गोष्ट मला अधिक आवडते. येशू जेवायला बसला तेव्हा पंगतीला जकातदार होते, लोकांनी पापी ठरवलेली माणसं होती, आणि हे पाहून परूश्यांनी, म्हणजे कर्मठ धर्मपंडितांनी, शिष्यांना जाब विचारला. ज्यांना इतर कुणी पान मांडणार नाही, अशांची ही पंगत. सेंट मॅथ्यूजने आपल्या पन्नाशीत नेमकी हीच पंगत मांडली.

साल होतं १९४३. इंग्लंडात युद्ध सुरू होतं. रात्री दिवे झाकायचे, साखर-लोणी मोजून मिळायचं. असल्या वर्षी गावातल्या एका चर्चने सुवर्णमहोत्सव करायचा तो किती? चार पाहुणे, चहा आणि आभारप्रदर्शन एवढ्यात भागलं असतं, आणि कुणी नावं ठेवली नसती. वॉल्टर हसी तेव्हा चौतीस वर्षांचे होते. एके काळी युरोपातली उत्तमातली उत्तम चित्रं, मूर्ती आणि संगीत चर्चच्या मागणीतून जन्माला आलं. पुढे चर्च आणि कलावंत एकमेकांपासून दुरावले, आणि देवघरात साच्यातल्या गुळगुळीत मूर्ती तेवढ्या उरल्या, याची त्यांना मनापासून खंत होती. म्हणून त्यांनी पत्रं लिहायला घेतली. गावातल्या एका साध्या चर्चचा पाद्री देशातल्या अव्वल कलावंतांना लिहीत होता: आमच्यासाठी काही नवं करा.

संगीतासाठी पहिलं पत्र गेलं विल्यम वॉल्टन यांना. त्यांनी नकार दिला. मग हसींनी बेंजामिन ब्रिटन यांना लिहिलं, आणि पंगतीचं पहिलं पान मांडलं गेलं.

ब्रिटन तेव्हा एकोणतीस वर्षांचे. वर्षभरापूर्वी, एप्रिल १९४२ मध्ये, ते अमेरिकेतून परतले होते. युद्धात शस्त्र धरणार नाही अशी त्यांची सदसद्विवेकाची भूमिका, आणि ऐन युद्धात अशा माणसांकडे लोक कसे पाहतात हे सांगायला नको. या माणसाने शब्द निवडले तेही अठराव्या शतकातल्या ख्रिस्तोफर स्मार्टचे. स्मार्ट हा कवी रस्त्यात गुडघे टेकून प्रार्थना करी, येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही प्रार्थनेला बसवू पाही. त्याला वेड्यांच्या इस्पितळात डांबलं. कोशकार डॉ. जॉन्सन यांना मात्र त्याला कोंडून ठेवणं पटलं नव्हतं. इतर कुणाबरोबर प्रार्थना करावी तशी मी त्याच्याबरोबरही करीन, अशी त्यांची भूमिका. कोंडलेल्या अवस्थेत त्याने लिहिलेलं हस्तलिखित पावणेदोनशे वर्षं अप्रकाशित राहिलं आणि १९३९ मध्ये छापून आलं. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांच्यामुळे ते ब्रिटनच्या वाचनात आलं.

त्यातून झाली ‘रिजॉइस इन द लॅम्ब’ ही रचना. २१ सप्टेंबर १९४३, संत मत्तयाचा सण. चर्चच्या गायकवृंदाने ती पहिल्यांदा गायली आणि ब्रिटन स्वतः संचालनाला उभे होते. सृष्टीतला प्रत्येक जीव आपापल्या रीतीने देवाचं गुणगान करतो, हा तिचा आशय. त्यात स्मार्टचं मांजर आहे, जेफ्री नावाचं. कोंडलेल्या माणसाचा तो सोबती. मांजराचं अंग घुसळणं, वळणं हीच त्याची उपासना, असं कवी म्हणतो आणि ते एका लहान मुलाच्या कोवळ्या आवाजात गायलं जातं. ऑर्गन त्याच्या पायांत पाय घालत मागून येतो. पुढे मांजराला न घाबरणारा उंदीर येतो, फुलं येतात. आणि मध्येच सगळा आनंद थांबून, लोकांनी ज्याला खुळा ठरवलं त्याची वेदना गायकवृंदाच्या तोंडून उठते. पन्नासाव्या वाढदिवसाला या चर्चने वेड्यांच्या इस्पितळातली प्रार्थना आपली म्हणून गायली, याचं मोल मला फार वाटतं. हीच रचना आज जगभरच्या गायकवृंदांची लाडकी आहे.

ब्रिटनच्याच सांगण्यावरून हसींनी मायकेल टिपेट यांना पितळी वाद्यांसाठी एक फॅनफेअर, म्हणजे छोटी ललकारीची धून, लिहायला सांगितलं होतं. टिपेटही युद्धविरोधी. सक्तीच्या युद्धकालीन कामाच्या अटी नाकारल्या म्हणून त्या उन्हाळ्यात ते वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात होते. ऑगस्टमध्ये सुटले, आणि महिन्याभरात त्यांचं संगीत सेंट मॅथ्यूजच्या छताखाली घुमलं. वाजवलं ते नॉर्थॅम्प्टनशायर रेजिमेंटच्या बँडने! नुकताच तुरुंगातून आलेला युद्धविरोधी संगीतकार आणि गणवेशातले सैनिक यांना एका पंगतीला बसवणं सोपं नव्हतं. या चर्चला ते साधलं. महोत्सवात बीबीसीच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रमही झाला. मोठमोठ्या ठिकाणांनी हेवा करावा असा तो महिना.

मूर्तीची गोष्ट याहून अवघड निघाली. बाँबहल्ल्यांच्या भीतीने लंडनचं चेल्सी कलाविद्यालय नॉर्थॅम्प्टनला हलवलं होतं. तिथल्या ओळखीतून हसी हेन्री मूर यांच्यापर्यंत पोहोचले. लंडनच्या भुयारी रेल्वेत रात्री आसरा घेणाऱ्या माणसांची मूर यांनी काढलेली चित्रं हसींनी पाहिली होती आणि ती त्यांच्या मनातून जात नव्हती. मूर खाणकामगाराचा मुलगा, आई आणि मूल हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. तरी ते लगेच हो म्हणाले नाहीत. कुठल्याही आई-मुलाची मूर्ती वेगळी आणि मरिया व बाळ येशूची वेगळी. दुसरीत एक गांभीर्य, एक थोरवी हवी, ती आपल्याला साधेल का, याची त्यांना खात्री हवी होती. आधी रेखाटनं, मग मातीचे छोटे नमुने, आणि मग तपकिरी हॉर्न्टन दगडात सुमारे दीड मीटर उंचीची मूर्ती. फेब्रुवारी १९४४ मध्ये तिचं अनावरण झालं. तिचा खर्च दिला निवृत्त व्हिकरनी, वॉल्टरच्या वडिलांनी. म्हाताऱ्या माणसाने आपल्या आयुष्याच्या चर्चला नवीच, अनोळखी कला भेट द्यावी, हे मला या सगळ्या हकिकतीतलं सर्वांत देखणं दान वाटतं.

मरिया बुटक्या बाकावर बसली आहे. भरदार गुडघे, त्यांवर ताणलेलं वस्त्र, मांडीच्या खोबणीत सुखरूप बसलेलं मूल. तिची मान किंचित वळलेली आहे. का? तर चर्चच्या मधल्या वाटेने येणाऱ्या माणसाला ती ज्या दिशेने आधी दिसते, तिकडे तिचं तोंड आहे. मुलाचा चेहरा मात्र तुम्ही थेट समोर उभे राहिलात की तुमच्याकडे पाहतो. येणाऱ्याची चाहूल आईला आधी लागते, आणि मूल भेटतं ते जवळ गेल्यावर. मूर यांनी हे विचारपूर्वक केलं होतं.

गावाला ते रुचलं नाही. ही कसली मरिया, हे कसले जाडजूड पाय, अशी पत्रं वर्तमानपत्रांत झळकली. मी त्या लोकांना अडाणी म्हणणार नाही. ज्या रूपापुढे आपण लहानपणापासून डोळे मिटले, ते रूप बदललं की पोटात कालवतं. आपल्याकडे तर हे फार चांगलं समजू शकतं. त्याच सुमारास पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात, गोव्याचे अँजेलो दा फॉन्सेका साडी नेसलेली, सावळी मरिया रंगवत होते. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथांकडे शिकून आलेल्या या चित्रकाराला त्या मरियेपायी गोव्यात इतका विरोध झाला की त्यांनी पुण्याचा आसरा घेतला. नॉर्थॅम्प्टनची मरिया सुदैवी. तिच्या पाठीशी तिचं घर उभं राहिलं. चर्चने मूर्ती हलवली नाही, झाकली नाही, माफीही मागितली नाही. रविवारमागून रविवार लोक तिच्यासमोरून जात राहिले आणि हळूहळू ती त्यांची झाली.

त्यानंतर दुसरं एखादं चर्च दमलं असतं. सेंट मॅथ्यूजने ग्रॅहम सदरलंड यांना गेथशेमाने बागेतल्या येशूचं चित्र मागितलं. सदरलंड यांना क्रूसावरचा ख्रिस्त रंगवायचा होता. चर्चने त्यांचं ऐकलं. सदरलंड रानातल्या काटेरी झुडपांची रेखाटनं करत बसले, आणि त्या काट्यांतून त्यांचा ख्रिस्त उगवला. मधल्या काळात नाझी छळछावण्यांची छायाचित्रं प्रसिद्ध झाली होती. ती पाहिल्यावर क्रूसावरचं शरीर पूर्वीच्या गोंडस रीतीने रंगवणं त्यांना शक्यच नव्हतं. १६ नोव्हेंबर १९४६ ला अनावरण झालेल्या त्या चित्रातलं शरीर ताणलेलं, फासळ्या वर आलेल्या, बोटं वेदनेने आकडलेली. उत्तरेच्या बाजूला मूर यांची मरिया मूल मांडीवर घेऊन बसलेली, दक्षिणेच्या बाजूला तेच मूल मोठं होऊन खिळलेलं. मधे आपण. या दोघांना समोरासमोर ठेवण्याचं धैर्य ज्या चर्चमध्ये आहे, त्याला भक्ती म्हणजे काय हे पुरतं कळलं आहे असं मी मानतो.

पंगत पुढे वाढतच गेली. दुर्मीळ सफरचंदांच्या जाती जपणारे, स्वतः अज्ञेयवादी असलेले जेराल्ड फिन्झी यांनी १९४६ च्या सणासाठी प्रभुभोजनावरचं सुंदर अँथम रचलं. ऑडन यांनी त्याच सणासाठी प्रार्थना लिहिली. १९४७ मध्ये नॉर्वेच्या थोर गायिका किर्स्टन फ्लागस्टाड इथे येऊन गायल्या. युद्धकाळात त्या जर्मनव्याप्त मायदेशी परतल्या होत्या, पतीवर शत्रूला साथ दिल्याचा ठपका होता, आणि त्या वर्षी अमेरिकेत त्यांच्या कार्यक्रमांबाहेर निदर्शनं होत होती. सेंट मॅथ्यूजने त्यांना आमंत्रण दिलं. गावच्याच, जोडे बनवणाऱ्या कुटुंबातल्या माल्कम अर्नल्ड या संगीतकारालाही हे चर्च विसरलं नाही.

१९५५ मध्ये हसी चिचेस्टर कॅथीड्रलचे डीन म्हणून गेले. लेनर्ड बर्नस्टाइन यांचं ‘चिचेस्टर साम्स’ आणि शागाल यांची काचखिडकी ही तिथली त्यांची कमाई. त्यांची कीर्ती पुढे चिचेस्टरच्या नावावर जास्त जमा झाली. माझ्या मते मान नॉर्थॅम्प्टनचा मोठा, कारण तिथे ना कॅथीड्रलचा दबदबा होता ना हाताशी शांततेचा काळ. हसी गेल्यावरही चर्चची सवय सुटली नाही. १९६७ मध्ये रिचर्ड रॉडनी बेनेट यांनी त्याच्या गायकवृंदासाठी पाच कॅरोल लिहिली, आणि ती आज नाताळात ठिकठिकाणी गायली जातात.

तुमच्या गावच्या देवळाची, शाळेची, वाचनालयाची पन्नाशी किंवा शंभरी जवळ आली असेल, तर स्मरणिका आणि सत्काराच्या शाली यांच्या अंदाजपत्रकात एक रक्कम बाजूला काढून ठेवा. आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या जिवंत संगीतकाराला, शिल्पकाराला, कवीला पत्र लिहा आणि त्या दिवसासाठी नवं काही मागा. पहिला नकार येईल. वॉल्टन यांचाही आला होता. दुसऱ्याला लिहा.