टोपीला नीळ जास्त झाली

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं संपादक मंडळातल्या ताईंनी मेसच्या रांगेत पकडून सांगितलं, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये. 'एकोणसाठ' म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, हे मला अजूनही मनातल्या मनात मोजावं लागतं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. गोष्ट मात्र खरी आहे, आणि अर्धी टेक्निकल आहे, त्यामुळे ब्रँचचं नावही राखलं जाईल.

सेकंड इयरच्या शेवटाला माझं डोकं रोज दुखायला लागलं. सबमिशन्स, जर्नल्स, रात्री दोन-दोनपर्यंत लॅपटॉप. आईचं निदान नेहमीप्रमाणे फोनवरच झालं, "त्या स्क्रीनमुळेच!" मग तिने निळ्या काचांचा चष्मा पाठवला. (काचा निळ्या नसतात, निळा प्रकाश अडवणाऱ्या असतात. माझ्या मराठीत हे असंच होतं.) आणि रूममेटने माझ्या लॅपटॉपवर 'नाइट लाइट' चालू करून दिला. सूर्यास्ताला आपोआप सुरू, सूर्योदयाला आपोआप बंद. पहिल्या दिवशी स्क्रीनवर कोणीतरी चहा सांडल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी मी ते विसरूनही गेले. सगळा घोटाळा या विसरण्यातच आहे.

आता आजोबांबद्दल. माझे आजोबा वाईला प्राथमिक शाळेत मास्तर होते. धोतर कधीच सुटलं होतं, पण पांढरी टोपी शेवटपर्यंत होती. गेल्या वर्षी ते गेले. वर्षश्राद्धाला लावायला एक मोठा फोटो हवा, असं ठरलं आणि सगळ्या घराने माझ्याकडे बघितलं. "तू कम्प्युटरवाली ना?" मी ईअँडटीसीची आहे, पण आमच्या घरात हा फरक कोणालाच मान्य नाही.

आजोबांचे फोटो भरपूर, पण प्रत्येकात ते कोणाच्यातरी मागे उभे. धड एकच निघाला. २०१२ साली आत्येबहिणीच्या साखरपुड्याला काकांनी आपल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याने माजघरात काढलेला. आजोबा कशावर तरी हसतायत, मान जरा तिरकी, टोपी सरळ. पण माजघरात साठ वॅटचा पिवळा बल्ब, त्यामुळे सगळा फोटो हळदीत बुचकळून काढल्यासारखा. म्हणजे रंग दुरुस्त करायचे, मागची बरणी आणि कोणाचा तरी कोपर काढून टाकायचा आणि १२ बाय १८ इंचांचा प्रिंट काढायचा. सोपं काम, म्हटलं.

सलग चार रात्री बसले. रूममेटचा अभ्यास चालू, खोलीत ट्यूबलाइट लख्ख. मी टेम्परेचरचा स्लायडर हळूहळू निळ्याकडे ओढत होते. टोपी पिवळीच दिसायची. अजून थोडं. अजून पिवळी. अजून थोडं. चौथ्या रात्री दीड वाजता टोपी शुभ्र झाली, चेहरा गव्हाळ दिसायला लागला आणि मला रडू आलं. आजोबा समोर बसून माझ्याकडे बघत होते. 'फायनल_खरंच' या नावाने फाइल सेव्ह केली (त्याआधी 'फायनल', 'फायनल२' आणि 'फायनल_फायनल' होऊन गेल्या होत्या). सकाळी पेन ड्राइव्ह फोटोवाल्यांकडे टाकला आणि लेक्चरला पळाले. शुक्रवारी संध्याकाळी फ्रेम करून खाकी कागदात बांधलेला फोटो ताब्यात घेतला, शनिवारी पहाटेची एसटी पकडली. कागद सोडून बघायचं सुचलंच नाही. खरं सांगायचं तर मला तो सगळ्यांसमोरच उघडायचा होता.

तो उघडला.

आजोबांचे ओठ निळसर, गाल राखेसारखे. टोपी आकाशी. ते हसतच होते, पण तो रंग आम्ही सगळ्यांनी एकदाच बघितला होता, वर्षापूर्वी, त्याच माजघरात. आत्या पदर तोंडाला लावून आत निघून गेली. बाबा काहीच बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसत राहिले. मी मोठ्याने म्हणाले, "त्या फोटोवाल्याने वाट लावली! इंक संपली असेल त्याची!"

आजी तेवढी जवळ आली. फोटोकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "टोपीला नीळ जास्त झाली गं."

बाबांनी दुकानात फोन लावला. पलीकडचे काका शांतपणे म्हणाले, "फाइल जशी आली तशी काढलीय साहेब, आम्ही रंगाला हात लावत नाही." पुरावा म्हणून मी तावातावाने लॅपटॉप उघडला. भर दुपार होती. नाइट लाइट सकाळीच आपोआप बंद झालेला. आणि माझ्याच स्क्रीनवर, माझ्याच फाइलमध्ये, आजोबा निळे होते.

काय झालं होतं ते मला तिथल्या तिथे कळलं. आणि लाज वाटली, कारण हे मला आधीच कळायला हवं होतं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा पांढरा रंग साधारण ६५०० केल्विनचा धरतात, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा. साठ वॅटचा बल्ब २७००च्या आसपास. मेणबत्ती त्याहून खाली, १९००च्या घरात. (आकडा जितका कमी तितका रंग पिवळा-तांबडा. उलटं वाटतं, पण तसंच आहे.) नाइट लाइट स्क्रीनच्या लाल रंगाला हात लावत नाही, हिरवा थोडा कमी करतो आणि निळा चांगलाच उतरवतो. पण ही काटछाट होते अगदी शेवटच्या पायरीवर, ग्राफिक्स कार्डातून चित्र स्क्रीनकडे जाताना. फाइलला त्याची खबरही नसते. म्हणून तर स्क्रीनशॉट काढून दुसऱ्याला पाठवला की त्याला पिवळेपणा दिसत नाही. पिवळा असतो तो फक्त माझा पडदा. मी फोटो सुधारत नव्हते, माझ्या स्क्रीनचा पिवळेपणा आजोबांच्या चेहऱ्यात निळा ओतून भरून काढत होते.

नुसती पिवळी स्क्रीन असती तर कदाचित इतकं बिघडलंही नसतं. डोळा लबाड असतो. पिवळ्या उजेडात बसलं की थोड्या वेळाने तो त्यालाच पांढरं समजायला लागतो, म्हणून तर बल्बखाली वाचताना वहीचा कागद आपल्याला पांढराच वाटतो. पण आमच्या खोलीत वर ट्यूबलाइट होती. पांढरीफटक. डोळ्याने भिंतीला पांढरं मानलं आणि स्क्रीनला पिवळं. मग मी स्क्रीनमधली टोपी भिंतीशी जुळवत बसले. चार रात्री.

आता या निळ्याची एक गंमत. निळा एलईडी बनवायला शास्त्रज्ञांना इतकी वर्षं लागली की त्याबद्दल २०१४ सालचं फिजिक्सचं नोबेल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना मिळालं. त्या निळ्यावर पिवळं फॉस्फर चढवलं की पांढरा प्रकाश मिळतो, आपल्या स्क्रीनच्या मागे बहुतेक तोच असतो. आणि आपण रात्री तेवढाच नेमका कमी करतो! कारणही खोटं नाही. डोळ्याच्या पडद्यात थेट प्रकाश ओळखणाऱ्या काही वेगळ्या पेशी असतात, हे २००२ साली बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये दाखवलं. या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्याला सगळ्यात जास्त दाद देतात आणि मेंदूला 'अजून दिवस आहे' असं कळवतात. म्हणून २००९मध्ये एफलक्स आलं, २०१६मध्ये आयफोनवर नाइट शिफ्ट आणि २०१७मध्ये विंडोजवर नाइट लाइट. पण आईच्या चष्म्याचं काय? २०२३मध्ये कॉक्रेनने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अशा काचांमुळे डोळ्यांचा ताण लवकर कमी होतो असं काही दिसलं नाही. हे आईला सांगितलेलं नाही. चष्म्याचे पैसे दिलेत तिने. आणि माझी झोप नाइट लाइटने सुधारली का? दोन वाजता झोपणाऱ्या बाईला कुठला रंग काय करणार!

असो. तर शनिवारची दुपार. श्राद्ध रविवारी. मूळ फाइल सुदैवाने शाबूत होती. ओसरीवर खिडकीकडे पाठ करून बसले, स्क्रीनवर थेट ऊन पडणार नाही अशा बेताने. नाइट लाइट पार बंद केला, 'आपोआप'सुद्धा. या वेळी डोळ्यांवर विसंबायचं नाही, आकड्यांवर जायचं. पिकर टोपीवर ठेवला. मूळ फोटोत लाल २३८, हिरवा २०५, निळा १५०. माझ्या 'फायनल_खरंच'मध्ये १९६, २०८, २३६. हे आकडे रात्रीही तेच होते. मी फक्त विचारले नव्हते. तिन्ही सारखे केले, २२८. टोपी गणिताने पांढरी. मला हुश्श झालं.

आजी शेजारी शेंगा सोलत बसली होती. डोकावून म्हणाली, "एवढी पांढरी नव्हती."

"आजी, आता आकडे बरोबर आहेत."

"असतील. ह्यांची टोपी खादीची. मी तीस वर्षं धुतलीय. नीळ टाकायची ती बोटाच्या टोकाएवढी. ह्यांना झगझगीत पांढरं आवडायचं नाही, म्हणायचे पुढारी वाटतो. जराशी सायीसारखी राहू दे."

मग तिने मला नीळ समजावून सांगितली. कपडा जुना झाला की पिवळा पडतो, त्यावर किंचित निळं चढवलं की पिवळं दबतं आणि डोळ्याला पांढरं वाटतं. जास्त झालं की भुताटकी. ज्या गोष्टीसाठी मी एवढे केल्विन मोजले, ती आजी मोरीत बादलीवर बसून करत आली होती. आणि तिला एक नियमही पक्का ठाऊक होता, जो मला कोणत्याच सरांनी सांगितला नव्हता. नीळ दिवसा घालायची, दिव्याच्या उजेडात कळत नाही.

शेवटी टोपी २३२, २२६, २१४वर थांबली. चेहऱ्याचं तर आजीच बघत होती. "कानाची पाळी जरा तांबूस... हां. हनुवटीखाली एवढं काळं नको. बस. आता हलवू नकोस." शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज बदलला, म्हणून मी वर बघितलंच नाही, फाइल सेव्ह केली. या वेळी नाव नुसतं 'आजोबा'.

स्टँडजवळच्या स्टुडिओतल्या दादांनी संध्याकाळी सातला प्रिंट दिला. मी दुकानाबाहेर येऊन उरल्यासुरल्या उजेडात आधी कागद सोडून बघितला. फ्रेम तीच वापरली. मागचे खिळे बाबांनी काढले, बाबांनीच परत ठोकले. आत्या बाहेर येऊन बसली.

जुना निळा प्रिंट मी फाडायला घेतला, तर आजीने काढून घेतला. कुठे ठेवला, माहीत नाही. विचारलं नाही.

सोमवारी पहाटे निघताना तिने हातात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी दिली आणि दारापर्यंत आली. म्हणाली, "माझापण एक करून ठेव. वेळेवर धांदल नको."

"आजी, काहीही काय बोलतेस!"

"काहीही काय त्यात? आणि हे बघ," तिने माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर हात ठेवला, "दिवसा बस."