मेलेल्यानं बोलायचं नाही

ऑनलाइन मर्डर मिस्टरीचे नियम ढीगभर असतात, पण माझ्या मते सगळा खेळ एकाच नियमावर उभा आहे: मेलेल्यानं बोलायचं नाही.

या खेळांचा पूर्वज म्हणजे ‘माफिया’. दिमित्री दाविदॉफनं १९८६-८७च्या सुमारास मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात तो सुरू केला. मूठभर खुनी एकमेकांना ओळखतात, बाकीच्यांना काहीच ठाऊक नसतं. रात्री खून, दिवसा चर्चा आणि मतदान.

‘अमंग अस’मध्ये मेलेल्यांचं चॅट जिवंतांना दिसतच नाही. तिथे नियम ॲप पाळतं. आम्ही व्हॉट्सॲप ग्रुपवर खेळतो, तिथे तो माणसांनाच पाळावा लागतो. पहिल्या रात्री मेलेल्या मैत्रिणीला ॲडमिननं खुनी कोण ते सांगितलेलं असतं. दिवसा सगळे माझ्यावर संशय घेतात, मी निर्दोष असल्याचं ओरडून सांगते. ती ऑनलाइन दिसत असते. तिच्या एका मेसेजवर मी वाचले असते. तो येत नाही, मी फासावर जाते.

राग येतो, पण मला तिच्याबरोबरच पुन्हा खेळायचं असतं. या खेळात खोटं बोलायला परवानगी आहे, फसवायला नाही. हा फरक कळणाऱ्या माणसांसमोरच बिनधास्त खोटं बोलता येतं.